शेतीच्या रकान्यात गेलेले पाहुण्यांचे पैसे : चिपळूणच्या एका करसल्लागार कार्यालयाचा अनुभव

गेल्या ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत मी माझी तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे चिपळूणमधील एका सनदी लेखापालांच्या कार्यालयाकडून दुरुस्त करून घेतली. त्या सेवेविषयी हे लिहीत आहे. कार्यालयाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण जाहिरात करून काम मिळवणे हे सनदी लेखापालांच्या १९४९ च्या कायद्यात व्यावसायिक गैरवर्तन धरले जाते, आणि ज्या बाईंनी माझे तीन वर्षांचे लफडे निस्तरले त्यांना माझ्या कौतुकाने गोत्यात आणावे हे काही बरे नव्हे. शिवाय मला कौतुकच तेवढे करायचे आहे असेही नाही.

आधी माझी हकिगत सांगतो, कारण त्याशिवाय त्यांनी नेमके काय केले ते कळणार नाही. मी निवृत्त माध्यमिक शिक्षक. गुहागरला आमचे वडिलोपार्जित नारळ-सुपारीचे आगर आहे आणि वर कातळाच्या बाजूला हापूसची काही कलमे आहेत. २०२२ च्या उन्हाळ्यात घरामागच्या दोन खोल्या दुरुस्त करून त्या पर्यटकांना राहायला द्यायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी बहुतेक पाहुणे ओळखीतून आले. दुसऱ्या वर्षापासून बुकिंगच्या संकेतस्थळावर नाव नोंदवले आणि दिवाळी, नाताळ, मे महिना असे हंगाम भरून जाऊ लागले. रिटर्न भरण्याचे काम तालुक्याच्या ठिकाणी असे अर्ज भरून देणारे एक गृहस्थ करीत, त्यांच्याकडेच ठेवले. खोल्यांचे पैसे कुठे दाखवायचे असे मी त्यांना पहिल्याच वर्षी विचारले होते. "आगरातल्या खोल्या, म्हणजे शेतीच की सर," असे म्हणून त्यांनी ती सगळी रक्कम शेती उत्पन्नाच्या रकान्यात टाकली. शेती उत्पन्न करमुक्त, त्यामुळे कर शून्य. मी शिक्षक आहे, मला शंका यायला हवी होती. ती आली नाही असे म्हणणार नाही. आली, पण शून्य हा आकडा पाहून ती बसली.

२०२३-२४ या आर्थिक वर्षात संकेतस्थळामार्फत माझी ढोबळ जमा ५,४०,००० रुपये होती आणि त्यांनी आयकर कायद्याच्या कलम १९४-ओ प्रमाणे त्यावर १ टक्का, म्हणजे ५,४०० रुपये, उद्गम कर (टीडीएस) कापला होता. आमच्या गृहस्थांनी उत्पन्न शेतीचे म्हणून दाखवले आणि त्याच उत्पन्नावर कापलेला तो कर मात्र परत मागितला. परतावा खात्यात जमाही झाला. एकाच कागदावर एका ओळीत 'हा आंबा-सुपारीचा पैसा' आणि दुसऱ्या ओळीत 'हा बुकिंगचा कापलेला कर, परत द्या', ही विसंगती दाखवायला पुढे मला साडेतीनशे रुपये पेट्रोल जाळून चिपळूण गाठावे लागले.

ऑक्टोबरमध्ये विभागाकडून संदेश आला की वार्षिक माहिती विवरणपत्रात, म्हणजे ज्याला सगळे एआयएस म्हणतात त्यात, दिसणारी रक्कम माझ्या रिटर्नशी जुळत नाही. १४ जुलै २०२५ रोजी आयकर विभागाने खोट्या वजावटी दाखवून परतावे मिळवून देणाऱ्यांवर देशभर १५० ठिकाणी कारवाई केल्याची आणि त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी १,०४५ कोटींचे खोटे दावे स्वतःहून मागे घेतल्याची बातमी मी तेव्हा परक्याच्या घरची म्हणून वाचली होती. आता ती पुन्हा शोधून वाचली. गावातल्या एका बँक कर्मचाऱ्याने या कार्यालयाचा पत्ता दिला.

कार्यालय बाजारपेठेत पहिल्या मजल्यावर आहे. जिन्याच्या भिंतीवर २२ जुलै २०२१ च्या पुराची रेषा अजून दिसते. रंग दिला आहे, पण तेवढा पट्टा सोडून. त्या पुरात खालच्या गाळ्यातल्या त्यांच्या जुन्या फायली वाशिष्ठीने नेल्या, त्यामुळे आता आलेला प्रत्येक कागद आधी स्कॅन होतो आणि मगच त्यावर बोलणे सुरू होते. मला पहिल्या भेटीत हा उपचार कंटाळवाणा वाटला. एक तास निव्वळ कागद देण्यात गेला: सात-बारा, आठ-अ, पेन्शनचे प्रमाणपत्र, बँकेचे खातेउतारे, वाशीच्या दलालाच्या पट्ट्या, कॅनिंगला घातलेल्या आंब्याच्या पावत्या, संकेतस्थळाचे महिनावार हिशेब, आणि आमच्या सौभाग्यवती पाहुण्यांचा खर्च-जमा लिहितात ती लांबट वही. आर्टिकलशिप करणारा, म्हणजे सनदी लेखापालाच्या हाताखाली काम शिकणारा, मुलगा वहीचे एकेक पान स्कॅनरवर ठेवत होता आणि मध्येच म्हणाला, "काका, इथे 'कोळंबी ६००' आहे, ती घरची की पाहुण्यांची?" ती घरची होती. त्याने पेन्सिलीने फुली मारली. या एका प्रश्नाने माझा त्या कार्यालयावर विश्वास बसला.

मॅडम, म्हणजे त्या सनदी लेखापाल बाई, त्यानंतर भेटल्या. त्यांनी पहिला प्रश्न आकड्यांचा विचारला नाही. "सर, हे उत्पन्न शेतीचे नाही हे तुम्हाला माहीत होते का?" असे विचारले. मी गुळमुळीत उत्तर दिले. त्यांनी ते लिहून घेतले नाही, पण पुढचा अर्धा तास मला जे समजावले ते इतके नेमके होते की मी घरी येऊन वहीत उतरवून ठेवले.

त्यांचे म्हणणे असे की आमच्या गृहस्थांनी जे सांगितले त्याला कायद्यात अर्धवट आधार आहे आणि अर्धवट आधारच घात करतो. शेतजमिनीवरील किंवा तिच्या लगतच्या घराचे उत्पन्न काही अटींवर शेती उत्पन्न धरले जाते, परंतु ते घर शेतकऱ्याला शेतीच्या कामासाठी राहायला किंवा कोठार म्हणून लागत असले पाहिजे. तेच घर राहण्यासाठी भाड्याने दिले किंवा धंद्यासाठी वापरले, तर त्याचे उत्पन्न शेतीचे राहत नाही, असे स्पष्टीकरण कायद्यातच आहे. आंबा झाडावरून उतरवून पेटीत भरला, सुपारी वाळवून सोलून विकली, तर बाजारात नेण्यायोग्य करण्यासाठी शेतकरी नेहमी करतो तेवढीच ती प्रक्रिया, म्हणून ती शेती. पण आम्ही पाहुण्यांना आंबापोळीची पाकिटे विकतो, त्यात कच्च्या आंब्याची बाजारभावाने होणारी किंमत शेतीची आणि त्यावरचा नफा धंद्याचा. हा भाग रकमेने किरकोळ होता, तरी त्यांनी तो वेगळा काढलाच.

मग आले दंडाचे. आयकर कायद्याच्या कलम २७०-अ मध्ये, जे २०१७-१८ च्या कर निर्धारण वर्षापासून (आर्थिक वर्षाच्या लगतचे पुढचे वर्ष म्हणजे कर निर्धारण वर्ष) लागू आहे, दोन पायऱ्या आहेत. उत्पन्न कमी दाखवले गेले असेल तर त्या कमी दाखवलेल्या उत्पन्नावरील कराच्या ५० टक्के दंड. मात्र वस्तुस्थिती दडपली किंवा चुकीची मांडली, पुरावा नसताना खर्च दाखवला, वहीत खोटी नोंद केली, किंवा उत्पन्नावर परिणाम करणारी जमा नोंदवलीच नाही, तर ते उत्पन्न 'चुकीचे दाखवणे' ठरते, ज्याला या धंद्यातले लोक सरळ 'मिसरिपोर्टिंग' म्हणतात, आणि मग दंड २०० टक्के. पूर्वीच्या कलमात दंड १०० ते ३०० टक्क्यांच्या दरम्यान किती लावायचा हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर असे. आता दर ठरलेले आहेत, त्यामुळे भांडण दराचे राहत नाही, तुम्ही कोणत्या पायरीवर उभे आहात याचे होते. पहिल्या पायरीवर असलेल्याला कर व व्याज भरून, अपील न करता, आदेश मिळालेल्या महिन्याच्या अखेरीपासून महिन्याभरात अर्ज केल्यास दंडातून सूट मागता येते. दुसऱ्या पायरीवर तेव्हा ती सोयही नव्हती. आणि कर चुकवण्याचा जाणूनबुजून प्रयत्न सिद्ध झाला तर खटल्याचे वेगळे कलम आहेच. चुकवलेला कर २५ लाखांपेक्षा जास्त असेल तर त्यात तेव्हा सात वर्षांपर्यंत कैद होती, त्याखालीही दोन वर्षांपर्यंत. माझ्यासारख्याच्या रकमांना तेवढे होत नाही, असे त्या म्हणाल्या, पण ते सांगताना हसल्या नाहीत.

"तुम्ही पाहुण्यांचे पैसे शेतीत घातलेत, म्हणजे आकडा लपवला नाही, पण तो काय आहे हे लपवले," हे त्यांचे वाक्य मला लागले. मी म्हणालो, ते त्या गृहस्थांनी केले. त्यावर त्यांनी विचारले की ओटीपी कोणी सांगितला. ओटीपी मीच फोनवर सांगितला होता, तिन्ही वर्षी.

यानंतर त्यांनी तीन वर्षांची तीन कामे वेगवेगळी केली, आणि या सेवेचा सगळ्यात मोलाचा भाग मला तोच वाटतो. आमच्याकडे सर्वसाधारण समजूत अशी की 'रिटर्न दुरुस्त करणे' हे एकच काम असते. प्रत्यक्षात वेळेनुसार दार बदलते.

२०२४-२५ या आर्थिक वर्षाचे रिटर्न मी सप्टेंबरमध्ये मुदतीत भरले होते, आणि सुधारित रिटर्नची मुदत ३१ डिसेंबर २०२५ होती. हे कलम १३९(५) चे दार. यातून गेले की मूळ रिटर्नच्या जागी नवे रिटर्न येते. उरलेला कर व व्याज भरावे लागते, जादा कर नाही. इथे एक गोष्ट कार्यालयातल्या त्या शिकाऊ मुलाच्या लक्षात आली, जी माझ्या आली नसती. कापलेला कर ढोबळ जमेच्या एक टक्क्याशी जुळत नव्हता, म्हणून मी संकेतस्थळाची चूक समजत होतो. तर १ ऑक्टोबर २०२४ पासून तो दरच १ टक्क्यावरून ०.१ टक्क्यावर आला आहे, त्यामुळे वर्षाचे दोन तुकडे वेगवेगळे मोजायचे होते. तसे मोजल्यावर हिशेब पैशापर्यंत जुळला.

त्याआधीच्या दोन वर्षांचे ते दार बंद झाले होते. त्यांच्यासाठी कलम १३९(८अ) चे अद्ययावत रिटर्न, म्हणजे आयटीआर-यू. ही सोय २०२२ च्या वित्त कायद्याने आली तेव्हा कर निर्धारण वर्ष संपल्यापासून २४ महिने होती आणि १ एप्रिल २०२५ पासून ती ४८ महिने झाली. पण या दाराला टोल आहे. पहिल्या १२ महिन्यांत कर आणि व्याज यांच्या एकूण रकमेवर २५ टक्के जादा कर, त्यापुढच्या १२ महिन्यांत ५० टक्के, मग ६० आणि शेवटच्या वर्षात ७०. हे रिटर्न एका वर्षासाठी एकदाच भरता येते, कर कमी करण्यासाठी किंवा परतावा वाढवण्यासाठी भरता येत नाही, विभागाची झडती किंवा त्या वर्षाची चौकशी सुरू झाली असेल तर भरता येत नाही, आणि पैसे आधी भरून चलनाचा क्रमांक त्यात टाकल्याशिवाय ते पुढेच सरकत नाही. हप्ता नाही. मला आलेला संदेश म्हणजे नोटीस नव्हे, म्हणून हे दार अजून उघडे आहे, हे पहिल्याच भेटीत सांगून त्यांनी माझी एका रात्रीची झोप परत दिली.

आकडे देतो, कारण परीक्षणात आकड्यांशिवाय अर्थ नाही. २०२३-२४ चे पेन्शन व व्याजाचे निव्वळ उत्पन्न ४,६०,००० होते. वहीप्रमाणे गडीमाणसांची मजुरी, वीज, चादरी-टॉवेल, स्वयंपाकाचा बाजार, संकेतस्थळाचे कमिशन वजा जाता खोल्यांचे ३,२०,००० उरले. लहान धंद्यासाठी ढोबळ जमेच्या ६ किंवा ८ टक्के उत्पन्न दाखवण्याची अंदाजी पद्धत कायद्यात आहे, आणि मी मोठ्या आशेने ती सुचवून पाहिली. मॅडम म्हणाल्या की तो किमान आकडा आहे. तुमच्या हातात पानापानाचा हिशेब असताना आणि तो आम्ही स्कॅन केलेला असताना मी ६ टक्के लिहिणार नाही. एकूण ७,८०,००० झाले, म्हणजे सात लाखांपर्यंत मिळणारी करसवलत हातची गेली. आंबा-सुपारीचे खरे उत्पन्न १,२०,००० होते. ते करमुक्त असले तरी इतर उत्पन्न करपात्र असेल तर दर ठरवताना मिळवले जाते, ही गोष्ट मला सत्तावीस वर्षे गणित शिकवूनही माहीत नव्हती. कर ४०,५६० निघाला. व्याज धरून आणि आधी मिळालेला परतावा हिशेबात घेऊन सुमारे ४८,०००, त्यावर २५ टक्के म्हणजे १२,०००, एकूण ६०,००० भरले. हेच विभागाने शोधून काढले असते आणि दुसऱ्या पायरीवर ठेवले असते, तर ४८,००० शिवाय दंडच सुमारे ८१,००० झाला असता. हा हिशेब त्यांनी मला भीती घालण्यासाठी दाखवला नाही. मी विचारल्यावर आकडेयंत्रावर करून माझ्यासमोर सरकवला.

खरा प्रसंग मात्र २०२२-२३ चा. त्या वर्षी जमा तीन लाखांच्या थोडी वर होती, बहुतेक पैसे पाहुण्यांनी थेट दिले होते, कर कुठेच कापलेला नव्हता, आणि एआयएसमध्ये त्या धंद्याची एक ओळही नव्हती. मी अगदी स्वाभाविकपणे म्हणालो, की हे तर कुठे दिसतच नाही, मग ५० टक्के जादा देऊन कशाला भरायचे? मुलगा काही बोलला नाही, स्टेपलर चाळवत बसला. मॅडमनी शांतपणे सांगितले की पुढची दोन वर्षे आपण दुरुस्त करतो आहोत, म्हणजे हे उत्पन्न शेतीचे नाही हे तुम्हाला कळले आहे असे आपण स्वतःच लिहून देतो आहोत. त्यानंतर मागचे वर्ष तसेच ठेवले, तर ऑक्टोबरपर्यंत जी चूक म्हणता आली असती ती डिसेंबरपासून म्हणता येणार नाही. शिवाय पैसे बँकेत आले आहेत आणि बँक कुठे जात नाही. त्या वर्षाचे रिटर्न भरायचे नसेल तर उरलेल्या दोन वर्षांचे काम दुसऱ्याकडून करून घ्या, हेही त्यांनी जोडले. त्या वर्षाचा कर व व्याज सुमारे २६,००० आणि जादा १३,००० असे ३९,००० भरताना माझा हात जड झाला होता, हे कबूल करतो. ३१ मार्च २०२६ नंतर तेच ६० टक्क्यांनी झाले असते, एवढा हिशेब करून मी ते भरले. निव्वळ साधुत्वाने नव्हे.

फॉर्म भरताना एक बारीक वाद झाला तो सांगण्यासारखा आहे. आयटीआर-यू मध्ये दुरुस्तीचे कारण निवडावे लागते. त्या यादीत 'उत्पन्नाचे चुकीचे शीर्षक निवडले' असाही एक पर्याय आहे, आणि तो मला सोयीचा वाटला. शेतीऐवजी धंदा, शीर्षकच तर चुकले. मॅडमनी 'उत्पन्न बरोबर दाखवले नाही' हा पर्याय निवडला. त्यांच्या मते शेती हे करपात्र उत्पन्नाच्या पाच शीर्षकांपैकी नाहीच, ते करमुक्त आहे, तेव्हा करपात्र पैसा करमुक्तात घातला याला चुकीचे शीर्षक म्हणणे म्हणजे दुरुस्तीच्या कागदावर पुन्हा शब्दांची चलाखी करणे. पडद्यावर त्या चौकोनात खूण पडताना मी पाहत होतो. शाळेत मुलांच्या उत्तरपत्रिकेत पायरी चुकली की उत्तर चुकले यातला फरक मी आयुष्यभर सांगत आलो, आणि इथे मला पायरीचे अर्धे गुण हवे होते.

कर वाढवण्याचीच त्यांना हौस आहे असेही नाही. एआयएसमध्ये एका ठेवीचे व्याज दोनदा आले होते, कारण ठेव माझ्या व पत्नीच्या नावे होती आणि बँकेने ती दोघांच्याही पॅनवर चढवली होती. त्यांनी ते हेरले, पत्नीच्या रिटर्नमध्ये ते आधीच दाखवले असल्याची खात्री केली आणि माझ्या एआयएसवर तसा अभिप्राय नोंदवला. रद्द झालेल्या दोन बुकिंगांची परत केलेली रक्कमही जमेतून वजा करून घेतली, पण त्यासाठी परतफेडीचे बँक व्यवहार दाखवायला लावले. एका तिसऱ्या पाहुण्याला मी रोख पैसे परत केले होते. त्याची पावती नव्हती, म्हणून ती वजावट त्यांनी घेतली नाही. १,८०० रुपये होते. मला ते अजून खटकते.

आता तक्रारी. पहिली वेळेची. गुहागरहून चिपळूण म्हणजे एसटीने जाण्यायेण्यात अर्धा दिवस, आणि माझ्या पाच फेऱ्यांपैकी एक पूर्ण फुकट गेली, कारण मॅडम त्या दिवशी सुनावणीसाठी रत्नागिरीला होत्या आणि हे मला तिथे बाकावर बसल्यावर कळले. फोन बहुधा उचलला जात नाही. उचलला तर "मॅडम कामात आहेत" एवढेच. दुसरी तक्रार गंभीर. २०२३-२४ च्या पहिल्या मसुद्यात व्याज ऑक्टोबरपर्यंतच मोजले होते, पण पैसे नोव्हेंबरात भरायचे होते. तो मसुदा रात्री पावणेबाराला मोबाइलवर आला, आणि सकाळी मी महिने बोटांवर मोजले नसते तर चलन कमी रकमेचे निघाले असते. चूक कबूल करून त्यांनी तासाभरात नवा हिशेब पाठवला, परंतु जे कार्यालय कोळंबीचे सहाशे पकडते त्याने महिना चुकवावा हे मला पटले नाही. तिसरी गोष्ट म्हणजे सगळे हिशेब आणि टिपणे इंग्रजीत. मी मराठीत मागितल्यावर त्या मुलाने एका पाठकोऱ्या कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहून दिले. तो कागद छापील मसुद्यापेक्षा जास्त स्पष्ट होता, तेव्हा हे सर्वांनाच द्यायला काय हरकत आहे असे मी सुचवले आहे.

शुल्क दोन अद्ययावत रिटर्नचे प्रत्येकी ३,५०० आणि सुधारित रिटर्नचे २,५००, असे ९,५००. त्यावर जीएसटी धरून ११,२१० झाले. आमच्या जुन्या गृहस्थांकडे वर्षाला ५०० रुपयांत काम होई, त्यामुळे घरात यावर चर्चा झाली. पावतीसाठी दोनदा आठवण करावी लागली. दुसऱ्यांदा मी एवढेच म्हणालो की मॅडम, जमा नोंदवली नाही तर काय होते ते तुम्हीच मला शिकवलेत, तेव्हा त्या मनापासून हसल्या आणि पावती लगेच छापून आली.

कोणी जावे याबद्दल माझे मत असे. पगार किंवा पेन्शन आणि ठेवींचे व्याज एवढेच असणाऱ्यांनी इतका खर्च करण्याचे कारण नाही. एआयएस उघडून नीट पाहिले तर ते रिटर्न घरी भरता येते. पण आगर, कलमे, दोन खोल्या, एखादी बोट किंवा आंबापोळीचा घरगुती धंदा अशी आपल्याकडची मिसळ ज्यांच्या घरात आहे आणि ज्यांचे रिटर्न कोणीतरी 'सगळे शेतीत टाकून' भरले आहे, त्यांनी मार्चअखेरीच्या आत अशा एखाद्या ठिकाणी कागद घेऊन जावे. जाताना वही न्यावी. शेती उत्पन्न ५,००० रुपयांच्या वर असेल तर 'सहज' आणि 'सुगम' हे दोन्ही सोपे फॉर्म चालत नाहीत. धंदा आणि शेती दोन्ही असल्याने माझे काम आयटीआर-३ वर गेले, तेव्हा शुल्क जास्त का याचे तेही एक उत्तर आहे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होत असला तरी मागील वर्षांची प्रकरणे १९६१ च्याच कायद्याने चालतील, असे त्यांनी सांगितले. म्हणून नव्या कायद्याची वाट पाहून काही साधणार नाही.

सुधारित रिटर्नचा निकाल बंगळूरुच्या केंद्राकडून जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आला, मागणी शून्य. दोन्ही अद्ययावत रिटर्नची पडताळणी आधार ओटीपीने झाली आहे, निकाल यायचा आहे. या वेळी तिन्ही ओटीपी सांगण्यापूर्वी मी पडद्यावरचे प्रत्येक पान वाचायला मागितले, आणि मुलाने खुर्ची सरकवून दिली. ज्येष्ठ नागरिकाला धंद्याचे उत्पन्न नसेल तर आगाऊ कर भरावा लागत नाही; माझ्या कागदावर आता धंदा आला, म्हणून १५ मार्चच्या आत या वर्षाचा आगाऊ कर भरायचा आहे. त्याचा हिशेब करून घेण्यासाठी काल फोन केला होता. चौथ्या वेळी उचलला.